जुनी सार्वजनिक वास्तू दुरुस्त करता करता बांधकाम शिकणं: काय जमतं, काय जमत नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे. वस्तीत एक जुनं सभागृह आहे, त्याला लागून वाचनालयाची खोली आणि स्वच्छतागृह. छत गळतं, भिंतींना ओल आहे, दारं नीट लागत नाहीत. १६ ते २२ वयाची पंधरा-वीस मुलंमुली दुरुस्तीला तयार आहेत आणि त्यातून बांधकामाचं काम शिकायची त्यांची इच्छा आहे. हे खरंच शिकणं होईल की फुकटची मजुरी? आणि सुरुवात कुठून करायची?

मी बांधकामावर आणि बांधकाम शिकवण्यात बराच काळ घालवला आहे. माझं उत्तर: शिकणं होईल, आणि नव्या बांधकामावर होतं त्यापेक्षा जास्त होईल. नव्या साइटवर नवशिक्या पोराच्या वाट्याला घमेली उचलणं आणि विटा पोचवणं येतं. तिथे सगळं कोरं असतं, नकाशा आधीच ठरलेला असतो, आणि कोणी ‘असं का?’ असं विचारायला थांबत नाही. जुनी वास्तू मात्र कारण विचारल्याशिवाय दुरुस्तच होत नाही. हीच भिंत ओली का आणि शेजारची कोरडी का, ही भेग तिरकी का गेली, हे दार पावसातच का अडतं, याची उत्तरं शोधता शोधता इमारत कशी उभी राहते आणि कशी खचते हे कळतं. पण यासाठी एक अट पाळावी लागते. काम शिकण्याच्या गतीनं चाललं पाहिजे. उद्घाटनाची तारीख आधी ठरली, पाहुणे ठरले, की शेवटच्या पंधरवड्यात कसलेले गवंडी आणून काम उरकलं जातं आणि मुलांच्या हाती रंगाचा ब्रश देऊन फोटो काढले जातात. तुमच्या उपक्रमात तारीख ठरवण्याचा आग्रह कोणी धरत असेल तर त्याच्याशी आत्ताच बोलून घ्या.

ही कल्पना नवी नाही. स्पेनमध्ये १९८५ साली वास्तुरचनाकार आणि व्यंगचित्रकार होसे मारिया पेरेस, ज्यांना ‘पेरिदिस’ या नावानं ओळखतात, त्यांच्या पुढाकारानं ‘एस्कुएला तायेर’ या शाळा सुरू झाल्या. आगिलार दे कांपो या गावातला सांता मारिया ला रेआल हा पडीक मठ सावरण्याच्या कामातून ही कल्पना पुढे आली. बेरोजगार तरुणांनी जुन्या वास्तू दुरुस्त करायच्या आणि त्या करतानाच दगडकाम, सुतारकाम, लोहारकाम शिकायचं. पुढे ही पद्धत लॅटिन अमेरिकेत आणि फिलिपिन्समध्येही गेली. अमेरिकेत १९७८ मध्ये न्यूयॉर्कच्या ईस्ट हार्लेममध्ये डोरोथी स्टोनमन यांनी तिथल्या किशोरवयीन मुलांना विचारलं की पाठबळ मिळालं तर वस्तीसाठी काय कराल. मुलांनी ओस पडलेल्या इमारती दाखवल्या. त्यातून जे काम उभं राहिलं ते पुढे ‘यूथबिल्ड’ झालं. तिथे मुलांचा निम्मा वेळ वर्गात जातो आणि निम्मा साइटवर. आपल्याकडे पुणे जिल्ह्यातल्या पाबळच्या विज्ञान आश्रमात डॉ. श्रीनाथ कालबाग यांनी १९८३ पासून हाच विचार शिक्षणात आणला: गावाला लागणारी कामं मुलांनी करायची आणि ती करता करता शिकायचं.

या तिन्हींत मला एक गोष्ट सारखी दिसते आणि ती तुमच्या कामाची आहे. काम खरं होतं, कोणाच्या तरी वापराचं होतं, आणि तरीही शिकण्यासाठी राखून ठेवलेला वेळ कामानं गिळला नाही. दिवसभर साइटवर राबून संध्याकाळी ‘थोडी थिअरी’ असं केलं तर ती थिअरी कोणाच्याच डोक्यात जात नाही. आठवड्याचा निदान तिसरा हिस्सा मोजमाप, चित्र, हिशेब आणि सरावाच्या भिंतीसाठी ठेवा.

आधी काय करायचं नाही ते ठरवू. १५-२० नवशिक्यांच्या हाती पुढची कामं देऊ नका. भार पेलणारी भिंत, खांब, तुळई किंवा स्लॅब यांत बदल. छताची जड डागडुजी आणि उंचावरचं काम. वीजजोडणी. ॲस्बेस्टॉसचे पत्रे कापणं, फोडणं किंवा घासणं. जुन्या रंगाचे थर कोरडे घासून काढणं, कारण त्यांत शिसं असू शकतं. शेवटच्या दोन गोष्टींकडे उत्साहात सर्रास दुर्लक्ष होतं, म्हणून थोडं थांबून सांगतो. जागतिक आरोग्य संघटना ॲस्बेस्टॉसचे सगळे प्रकार कर्करोगकारक मानते, आणि त्याचा त्रास अनेक वर्षांनी दिसतो. वीस वर्षांच्या पोराला आज काहीच जाणवणार नाही. नालीदार सिमेंटचे जुने पत्रे दिसले तर ते ॲस्बेस्टॉसचे आहेत असं धरूनच चला आणि त्यांना हात न लावता जाणकाराला बोलवा. जुना रंग काढायचा असेल तर भिंत ओली करून, मास्क लावून, खाली प्लॅस्टिक अंथरून आणि निघालेला चुरा गोळा करून. रंग शिशाचा असल्याचा पक्का संशय असेल तर तेही काम मुलांचं नाही.

वयाचा मुद्दा कायद्याशी जोडलेला आहे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९७३ च्या १३८ क्रमांकाच्या करारानुसार धोक्याच्या कामासाठी किमान वय १८ आहे. १६ वर्षांपासून सवलत देता येते, पण आरोग्य आणि सुरक्षेची पूर्ण हमी असेल आणि त्या कामाचं नेमकं प्रशिक्षण मिळालं असेल तरच. देशोदेशीचे कायदे याहून कडक असू शकतात, ते आधी तपासा. माझी स्वतःची पद्धत सोपी आहे: १८ खालच्यांना परांचीवर (उंचावर काम करायच्या तात्पुरत्या माच्यावर) चढवायचं नाही, कटर आणि ग्राइंडर त्यांच्या हाती द्यायचं नाही आणि तोडकामाच्या दिवशी त्यांना आत घ्यायचं नाही. मोजणं, आखणं, जमिनीवर उभं राहून विटा रचणं, खालच्या भागाचा गिलावा, फरशी, सुतारकामातली हातहत्यारं, एवढं त्यांना पुष्कळ आहे.

आता मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा टप्पा. बहुतेक उपक्रमांत तो दोन तासांत उरकतात. मी म्हणेन, पहिले दोन-तीन आठवडे फक्त वास्तू वाचायला द्या. मुलांचे चार गट करा आणि प्रत्येक गटाला एक-एक खोली किंवा बाजू द्या. त्यांनी आधी आराखडा काढायचा, टेपनं मापं घ्यायची, कर्णही मोजायचा. चारही भिंतींची मापं बरोबर असून कर्ण जुळत नाहीत, तेव्हा खोली काटकोनात नाही हे मुलांना पहिल्यांदा कळतं. फरशी लावताना हाच फरक कोपऱ्यात निमुळत्या तुकड्यांच्या रूपात पुढे येतो.

मग ओलीचा तपास. ओल म्हटली की लगेच वॉटरप्रूफिंगचा डबा आणणारे लोक असतात. तसं करू नका. ओल चार ठिकाणांहून येते: जमिनीतून वर चढते, बाहेरून पावसानं आत शिरते, छतातून किंवा नळातून झिरपते, नाहीतर खोलीतल्या हवेतली वाफ गार भिंतीवर साठते. जमिनीतून चढलेली ओल भिंतीच्या खालच्या भागात पट्ट्यासारखी दिसते आणि तिच्या वरच्या कडेला लोणा (क्षारांची पांढरी भुकटी) फुटतो. पावसाची ओल खिडकीच्या कोपऱ्याभोवती, सज्जाच्या सांध्यात, भेगेच्या आसपास दिसते. नळाची ओल उन्हाळ्यातही तशीच राहते. भिंतीच्या आतली ओल आणि हवेतली वाफ यांतला फरक ओळखायला एक साधी युक्ती आहे. भिंतीचा पृष्ठभाग पुसून कोरडा करा, त्यावर हातभर लांबरुंद प्लॅस्टिकचा कागद चारही कडांना चिकटपट्टीनं घट्ट लावा आणि एक दिवस तसाच ठेवा. कागदाच्या आतल्या बाजूला, म्हणजे भिंतीकडे पाणी जमलं तर ओल भिंतीतून येते आहे. बाहेरच्या बाजूला जमलं तर खोलीला वारा नाही. अशा खोलीत गिलावा फोडण्याआधी खिडकी उघडी राहील याची सोय करायला हवी. एकदा हा प्रयोग स्वतः केलेला मुलगा आयुष्यभर ओलीकडे वेगळ्या नजरेनं बघतो.

भेगांचंही तसंच. भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलनं आडवी रेघ मारायची, शेजारी तारीख लिहायची. भेगेवर प्लास्टर ऑफ पॅरिसची पातळ पट्टी लावायची आणि तिच्यावरही तारीख टाकायची. पट्टी तडकली तर भेग अजून हलते आहे. अशी भेग बुजवण्यात अर्थ नाही, तिथे अभियंत्याला बोलवावं लागेल. पट्टी शाबूत राहिली आणि टोकं पुढे सरकली नाहीत तर ती जुनी, शांत भेग. ती मुलं स्वतः भरू शकतात. यातून निरीक्षणाची आणि नोंद ठेवण्याची शिस्त लागते. गिलाव्याच्या हाताइतकीच ही शिस्त महत्त्वाची आहे असं मी मानतो.

भिंत चुन्यात बांधलेली आहे की सिमेंटमध्ये, हेही याच टप्प्यात पाहून घ्या. सांध्यातला माल खिळ्यानं खरवडून बघा. चुन्याचा असेल तर तो मऊ लागतो, पांढरट भुकटी निघते. अशा भिंतीवर घट्ट सिमेंटचा गिलावा चढवला की भिंतीतलं पाणी बाहेर पडायची वाट बंद होते. मग ओल आणखी वर सरकते किंवा दुसऱ्या बाजूनं निघते, आणि काही काळानं नवा गिलावा पोपडे धरून सुटतो. चुन्याच्या भिंतीला चुन्याचाच गिलावा आणि चुन्याचाच रंग. तो सावकाश घट्ट होतो, कारण चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन हळूहळू पुन्हा दगड होत असतो. शिकवायला हा सावकाशपणा फायद्याचाच पडतो, कारण हात फिरवायला वेळ मिळतो.

काम सुरू करण्याआधी सरावाची भिंत हवीच. सभागृहाच्या मागे मोकळी जागा असेल तर तिथे मुलांना कमरेइतक्या उंचीच्या भिंती बांधायला लावा, पण सिमेंटमध्ये नाही. चुना आणि वाळूच्या कमकुवत मालात किंवा नुसत्या मातीच्या गाऱ्यात. म्हणजे भिंत उतरवता येते, विटा खरवडून पुन्हा वापरता येतात. ओळंबा (भिंत उभी सरळ आहे का ते दाखवणारं दोरीला टांगलेलं वजन) लावून बघायचं, दोरी लावून बघायचं, चुकली असेल तर उतरवायची, पुन्हा बांधायची. खऱ्या भिंतीवर हात लावण्याआधी प्रत्येकानं आपली भिंत स्वतःच्या हातानं किमान दोनदा पाडलेली असावी. पाडण्यात कमीपणा नाही हे सुरुवातीलाच रुजलं की पुढे खऱ्या कामावर कोणी चूक लपवत नाही. बांधकामात लपवलेली चूकच महाग पडते.

हीच गोष्ट वेळापत्रकात धरा. मी कामाच्या अंदाजात ‘तोडून पुन्हा करण्याचा’ वेळ आणि साहित्य वेगळं लिहून ठेवायला सांगतो. कसलेल्या गवंड्याला जे काम चार दिवसांचं आहे ते या मुलांना बारा दिवस घेईल, आणि त्यात एकदा उतरवणं येईल. हे आधीच लिहिलेलं असलं की देणगीदारही घाबरत नाहीत आणि शिकवणाराही चिडत नाही.

मालाविषयी बोलतो, कारण इथे शाळेतलं गणित आणि विज्ञान आपोआप उभं राहतं. वाळूत माती किती आहे हे बघायला काचेची सरळ बाटली घ्या, निम्मी वाळू भरा, वर पाणी आणि चिमूटभर मीठ टाका, जोरात हलवा आणि काही तास ठेवा. वाळूवर गाळाचा वेगळा थर बसतो. तो वाळूच्या थराच्या साधारण ८ टक्क्यांपेक्षा जाड असेल तर वाळू धुऊन घ्यावी लागेल. दुसरा प्रयोग फुगलेल्या वाळूचा. किंचित ओल्या बारीक वाळूच्या कणांभोवती पाण्याचा पापुद्रा बसतो, कण एकमेकांपासून लांब राहतात आणि वाळूचं आकारमान २० ते ३० टक्क्यांनी वाढू शकतं. डबा भरून ओली वाळू पाण्यात ओतली की ती खाली बसते. सहा घमेली म्हणून जी मोजली ती प्रत्यक्षात पाचच होती, हे मुलांना तिथे डोळ्यांनी दिसतं. मग प्रमाण मोजून घेण्याचं महत्त्व वेगळं सांगावं लागत नाही.

गिलाव्याचा हिशेब त्यांच्याकडूनच करून घ्या. १० चौरस मीटर भिंतीवर १२ मिलिमीटरचा गिलावा म्हणजे ०.१२ घनमीटर. भिंत उंचसखल असते, सांधे माल खातात, म्हणून पाचवा हिस्सा वाढवा: ०.१४४. पाणी घातल्यावर माल बसतो, तेव्हा कोरडं साहित्य साधारण एक तृतीयांश जास्त लागतं: सुमारे ०.१९ घनमीटर. एकास चार प्रमाणात त्यातलं सिमेंट ०.०३८ घनमीटर आणि वाळू ०.१५. ५० किलोची गोणी साधारण ०.०३५ घनमीटर भरते, म्हणजे एक गोणी आणि थोडं वर. काम संपल्यावर प्रत्यक्ष किती लागलं ते याच आकड्याशेजारी लिहायचं. सुरुवातीला फरक मोठा येतो, कारण अर्धा माल खाली पडतो. तिसऱ्या-चौथ्या भिंतीपर्यंत तो कमी होत जातो, आणि आपला हात सुधारतोय याचा मुलांसाठी तो सगळ्यात खरा पुरावा असतो.

गिलावा शिकवताना हात आधी की डोळा आधी, यावर माझं मत पक्कं आहे: डोळा. आधी भिंतीवर ठिय्ये मारायला शिकवा, म्हणजे ओळंबा आणि दोरी धरून मालाचे छोटे ठोकळे एका पातळीत बसवायचे. हे ठिय्ये अचूक असतील तर नवशिक्याही पट्टी ओढून सपाट भिंत काढू शकतो. ते चुकले तर कसलेल्याचीही भिंत लाटा मारते. माल फेकण्याची मनगटाची लकब हळूहळू येते, तिची घाई नको. गिलाव्याआधी भिंत झाडणं, सांधे खरवडणं, पाणी मारणं ही कामं कंटाळवाणी म्हणून ढकलली जातात. कोरडी वीट मालातलं पाणी शोषून घेते आणि गिलावा पोकळ राहतो. दुसऱ्या दिवशी गिलाव्यावर बोटाच्या पेरानं वाजवून बघायला लावा. पोकळ जागेचा आवाज वेगळा येतो आणि तो एकदा ऐकला की विसरत नाही. कालवलेला माल अर्ध्या तासात संपेल एवढाच घ्या. घट्ट व्हायला लागलेल्या मालात पुन्हा पाणी घालून तो ‘जिवंत’ करण्याची सवय पहिल्या दिवसापासून मोडा. आणि सिमेंटच्या गिलाव्याला किमान सात दिवस पाणी मारायचं. ही पाळी मुलांमध्ये नावानिशी वाटून द्या, रविवारसुद्धा धरून.

आखणी, पातळी आणि उतार यांना एक पूर्ण आठवडा द्या. तीन-चार-पाचच्या त्रिकोणानं काटकोन काढणं, पाण्याच्या पारदर्शक नळीनं खोलीच्या चारही भिंतींवर एकच पातळी आखणं, स्वच्छतागृहाच्या फरशीला मोरीकडे उतार देणं. सभागृहाला चाकाच्या खुर्चीसाठी रॅम्प करायचा असेल तर एकास बाराचा उतार धरा. जोतं ४५ सेंटिमीटर उंच असेल तर रॅम्प ५.४ मीटर लांब लागेल. हे गणित मांडल्यावर बहुतेक गटांना जागा पुरत नाही असं दिसतं, आणि रॅम्प वळवायचा कसा, मध्ये सपाट थांबा कुठे द्यायचा, यावर खरी चर्चा सुरू होते. चाकाच्या खुर्चीवरून येणारी एखादी व्यक्ती वस्तीत असेल तर तिला त्या चर्चेत बोलवा. जागा कोणासाठी बांधतोय हे मुलांना तेव्हा नीट कळतं.

शिकवणार कोण? अभियंता लागेल, पण रोजचा गुरू गवंडीच असला पाहिजे, आणि त्याला पूर्ण मजुरी मिळाली पाहिजे. स्वयंसेवा म्हणून त्याला बोलवू नका. ज्याच्या पोटाचा हा धंदा आहे त्यानं फुकट शिकवावं अशी अपेक्षा ठेवली तर मुलंही या हुनराची किंमत शून्य समजतात. पाच-सहा मुलांमागे एक कारागीर, याहून पातळ प्रमाण नको. एक अडचण नक्की येईल: चांगला गवंडी हातानं दाखवतो, पण शब्दांत सांगत नाही. ‘बघ, असं’ म्हणतो आणि पुढे जातो. मग तुमच्यातल्या एकानं शेजारी उभं राहून विचारत राहायचं. थापी अशी तिरकी का धरली? हा माल टाकून का दिला? इथे पाणी कमी का घातलं? त्याची उत्तरं मुलांनी वहीत लिहायची. मला भेटलेले अनेक कारागीर असे प्रश्न विचारले गेल्यावर खुलले, कारण त्यांच्या ज्ञानाबद्दल आजवर कोणी विचारलंच नव्हतं.

मुलींबद्दल स्पष्ट बोलतो. बांधकामावर बाया पिढ्यान्‌पिढ्या आहेत, पण बहुतेक ठिकाणी घमेलं डोक्यावर घेण्यापुरत्याच. थापी त्यांच्या हातात येत नाही. तुमच्या उपक्रमातही आपोआप तसंच होईल: मुलगे विटा रचतील, मुली माल पोचवतील, शेवटी भिंतीवर चित्रं काढतील. हे टाळायचं असेल तर पाळ्या कागदावर लिहून भिंतीला लावा, आणि प्रत्येक कामाची पाळी प्रत्येकाला येऊ द्या. स्वच्छतागृह वापरण्याजोगं करणं हे पहिलं काम ठेवा. ते नसेल तर मुली दुसऱ्या आठवड्यापासून येत नाहीत आणि त्यांना रस नव्हता असा चुकीचा निष्कर्ष निघतो.

सुरक्षेची साधनं तुम्हाला माहीत असतील, म्हणून फक्त जिथे चूक होते तेच सांगतो. ओलं सिमेंट तीव्र अल्कली असतं, त्वचा जाळतं. गुडघे टेकून ओल्या काँक्रीटवर काम केलेल्या माणसाला संध्याकाळी जखमा झालेल्या मी पाहिल्या आहेत, काम करताना त्याला काहीच कळलं नव्हतं. हातमोजे, गमबूट आणि धुवायला स्वच्छ पाण्याची बादली कामाच्या जागी हवी, खोलीत कुलूपबंद नको. फरशी किंवा वीट कापताना पाणी मारतच कापा, ती कोरडी धूळ फुप्फुसात जाऊन बसते. शिडी लावताना दर चार मीटर उंचीला एक मीटर पाया बाहेर. तात्पुरत्या वीजजोडणीवर ३० मिलिॲम्पिअरला तुटणारा सुरक्षा-स्विच हवाच. आणि काम थांबवण्याचा अधिकार सगळ्यांत लहान मुलालाही द्या. ‘थांबा’ म्हटलं की सगळे थांबतील, कोणी हसणार नाही.

आता फुकट मजुरीचा प्रश्न. मी एक कसोटी लावतो. हे काम या मुलांनी केलं नसतं तर कोणाला तरी पैसे देऊन करून घेतलं असतं का, आणि मुलाला आज त्यातून नवं काही शिकायला मिळतंय का? पहिल्याचं उत्तर हो आणि दुसऱ्याचं नाही, तर ती मजुरी आहे आणि तिचे पैसे द्यायला हवेत. पहिल्या दिवशी माल कालवणं हे शिकणं आहे. तिसाव्या दिवशी तोच मुलगा अजून मालच कालवत असेल तर त्याला वापरून घेतलं जातंय. स्पॅनिश शाळांमध्ये पहिला टप्पा शिकण्याचा आणि दुसऱ्या टप्प्यात करार करून वेतनासह काम अशी विभागणी असायची. ती मला न्याय्य वाटते. तुमच्याकडे निधी कमी असेल तर कामाचे दिवस कमी करा, पण प्रवासखर्च, जेवण, विमा आणि दुसऱ्या टप्प्यापासून भत्ता यांत काटछाट नको. गरीब घरातल्या मुलाला बिनपैशाचे तीन महिने परवडत नाहीत. भत्ता नसेल तर ज्यांना हे कौशल्य सगळ्यांत जास्त उपयोगी पडेल तीच मुलं आधी गळतात. सार्वजनिक वास्तूवर मुलं मोफत राबली म्हणून वस्तीतल्या एखाद्या गवंड्याचं काम गेलं, असंही होऊ देऊ नका. त्याला शिकवायला घ्या.

तीन-चार महिन्यांनी मुलांना काय येईल याबद्दल त्यांना खोटी आशा दाखवू नका. ते गवंडी होणार नाहीत. गवंडी व्हायला वर्षं लागतात. पण चांगले मदतनीस होतील, माप घेता येईल, पातळी आणि ओळंबा वापरता येईल, साहित्याचा हिशेब मांडता येईल, साध्या भिंतीचा गिलावा आणि छोट्या खोलीची फरशी देखरेखीखाली करता येईल. शिवाय बांधकामातल्या सात-आठ कामांपैकी आपला कल कुठे आहे हे कळेल. कोणाला नळकामात गोडी लागते, कोणाला सुतारकामात, कोणाला हिशेब आणि देखरेखीत. काहींना कळतं की हे आपलं क्षेत्र नाही, आणि तेही वेळेवर कळलं तर चांगलंच. छापील प्रमाणपत्रापेक्षा प्रत्येकाची कामाची वही अधिक उपयोगी पडते. केलेलं काम, तारीख, आधीचा आणि नंतरचा फोटो, मोजमाप, कारागिराची सही. ठेकेदार प्रमाणपत्र बघत नाहीत, पण ‘ही भिंत मी केली, जाऊन बघा’ असं म्हणणारा मुलगा त्यांच्या लक्षात राहतो. औपचारिक परीक्षा द्यायची असेल तर आधीचं कौशल्य तपासून मान्यता देणाऱ्या योजनाही असतात, त्यांनाही हीच वही दाखवता येते.

काम संपलं की उपक्रम संपला असं धरू नका. निम्मी शिकवण त्यानंतर येते. जोरदार पाऊस सुरू असताना याच मुलांना घेऊन वास्तूत जा. कुठे पाणी शिरतंय, कोणता उतार उलटा झालाय, कोणता कोपरा पुन्हा ओला झाला, हे जुन्या नोंदींशी ताडून बघा. एखाद-दुसरी दुरुस्ती फसलेली असेलच. तिचं कारण मुलांनी शोधायचं आणि तीच पुन्हा करायची. ठेकेदारीच्या कामात ही संधी कोणाला मिळत नाही, कारण ठेकेदार बिल घेऊन गेलेला असतो. त्याच भेटीत देखभालीच्या नेमणुका करा: पावसाआधी पन्हळी आणि छतावरचे पाण्याचे मार्ग कोण साफ करेल, नळ गळायला लागला तर कोणाला सांगायचं, किल्ली आणि हत्यारं कोणाकडे.

राहिला सुरुवातीचा प्रश्न. सभागृहाला आधी हात लावू नका, वाचनालयाच्या खोलीपासून आणि स्वच्छतागृहापासून सुरू करा. लहान जागा पूर्ण होते, आणि पूर्ण झालेली खोली बघून वस्तीतले लोक पुढच्या टप्प्याला मदत करतात. त्याआधी दोन कागद हवेत. एक, वास्तू ज्यांच्या मालकीची आहे त्यांची लेखी परवानगी, ज्यात दुरुस्तीनंतर निदान काही वर्षं ती वस्तीच्या वापरातच राहील असं लिहिलेलं असेल. मुलांनी सावरलेली जागा वर्षभरात भाड्यानं दिली गेली तर ती पुन्हा कोणाच्या हाकेला येणार नाहीत. दुसरा, अभियंत्यानं पाहणी करून दिलेली नोंद: कुठे हात लावायचा, कुठे नाही. हे दोन कागद हाती आले की पहिल्या आठवड्यासाठी टेप, ओळंबा, पाण्याची नळी, दोरी, पेन्सिल, प्लॅस्टिकचा कागद आणि प्रत्येकाला एक वही, एवढंच आणा. सिमेंट, रंग, फरशी यांची खरेदी पाहणी पूर्ण होऊन कारणं लिहून झाल्यावर.